घरातला ब्रो

दातांच्या दवाखान्यातली रिसेप्शनिस्ट पावती लिहिता लिहिता थांबली. समोरच्या बाकावरच्या बाईंचा पारा चढला होता. नुकतीच दाढ काढलेला त्यांचा नवरा शेजारी गालात कापूस धरून गप्प बसला होता.

“नऊ महिने पोटात वाढवली, आणि कार्टी मला ब्रो म्हणते!”

“अहो, चांगलंय की,” पलीकडच्या आजी म्हणाल्या. “ब्रो म्हणजे जिवाभावाचं माणूस. माझी नात मांजरालासुद्धा म्हणते.”

“पण आईला?”

“जिच्याशी मोकळेपणानं बोलता येतं, तिलाच म्हणतात. परक्याला कोण म्हणतंय?”

“असं होय! तरीच ह्यांना कधी म्हणत नाही. ह्यांचं आपलं, ‘बाबा, तुम्ही जेवलात का?’”

“मांजराला म्हणतात हो, आणि...” आजी त्यांच्या नवऱ्याकडे बघत म्हणाल्या.

“तेच तर!”

तेवढ्यात नवऱ्याचा फोन वाजला. लेकीचाच होता. त्याने कापूस काढला, घसा खाकरला.

“हां, बोल ब्रो.”

मग तो नुसता “बरं, बरं” म्हणत उठला आणि त्याने फोन रिसेप्शनिस्टपुढे धरला.

“डॉक्टरांना द्या म्हणतेय. दाढेची भूल डोक्यात चढली का, विचारायचंय तिला.”