फीलर गेजच्या पत्तीवरचं कुंकू

सन्माननीय अध्यक्ष भामरेसाहेब, व्यासपीठावर बसलेले कागद कारखान्याचे व्यवस्थापक खंडेराव बोरस्तेसाहेब, आजचे सत्कारमूर्ती, आमच्या वर्कशॉपमधून निवृत्त होणारे फिटर गेणूभाऊ शिरसाठ, त्यांच्या पत्नी फुलाबाई, आणि सिन्नरच्या वसाहतीतून पाळ्या सांभाळून आलेल्या बंधुभगिनींनो, नमस्कार.

मी मॅट्रिक शिकलेली बाई. ब्लोअर दुरुस्तीचं वर्कशॉप आमच्या ह्यांचं, मी तिथली वही लिहिते. तेवीस वर्षं ब्लोअरशेजारी बसून थोडं कळायला लागलं. ब्लोअर म्हणजे जोरात हवा फेकणारं यंत्र, त्याच्या पोटात दोन रोटर फिरतात. अगदी जवळून, पण एकमेकांना शिवायचं नाही. ती फट राखतात मागचे दोन गिअर. गिअरच्या दातांतला सैलपणा, म्हणजे बॅकलॅश, वाढला की रोटर हलतो आणि दुसऱ्याला घासतो. हे माप गेणूभाऊ फीलर गेजने घेत. पोलादाच्या पातळ पत्त्यांचा जुडगा असतो तो, प्रत्येक पत्तीवर तिची जाडी कोरलेली. जी पत्ती दातांच्या फटीत बेताची बसेल, तेवढा बॅकलॅश.

आता जे सांगायचं ते अकरा वर्षं राहिलंय. त्र्याण्णव सालची खंडेनवमी. हे म्हणाले, "कुंकू लावून मशीनचा जोर वाढत नाही हो." मी ऐकते कुठली? पान्यांना लावलं, हातोड्यांना लावलं. फीलर गेजही पंख्यासारखा उघडला आणि तेलात कालवलेलं कुंकू एकेका पत्तीला लावलं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी बोरस्तेसाहेबांच्या कारखान्याचा ब्लोअर आला, घाईचा. गेणूभाऊंनी माप घेतलं, बॅकलॅश मापात बसतोय म्हणाले, गिअर तेच ठेवले. आठ दिवसांत रोटर घासून ब्लोअर जाम, कारखाना बंद. पत्र आलं: गेणू शिरसाठ यांस यापुढे आमच्या यंत्रास हात लावू देऊ नये.

पत्र वहीत डकवताना पाहिलं, तर गेणूभाऊ रॉकेलच्या फडक्याने पत्ती पुसत होते. फडकं लाल.

"गेणूभाऊ, हे आधी का नाही पुसलं?"

"देवाचं कुंकू, वहिनी. म्हटलं, एवढ्याशा थरानं काय होतंय."

पण थर धरून पत्ती जाड झालेली. कोरलेल्या आकड्यापेक्षा फट मोठी होती, झिजलेले गिअर चांगले ठरले. मी म्हटलं, ह्यांना सांगते.

"लय बोलतील तुम्हाला. पत्ती पुसणं फिटरचं काम. राहू द्या."

आणि मी राहू दिलं. घरात पूजेवरून बोलणी नकोत, एवढ्यासाठी. मंडळी, याला काय म्हणावं? मी रोज देवापुढे बसत होते आणि दुसऱ्याच्या नावावरचा डाग बघत होते.

तेव्हापासून त्या कारखान्याचा ब्लोअर आला की आमचा दुसरा फिटर धनराज तो उघडायचा. गेणूभाऊ शेजारी हात मागे बांधून उभे. "धन्या, डाव्या बाजूला बघ. अरे, गरम झाल्यावर रोटर फुगतो, तेवढी जागा ठेव." मी एकदा म्हटलं, पत्रात तर मनाई आहे. तर म्हणाले, "मनाई हाताला हाय वहिनी, तोंडाला नाय." फुलाबाई हसताहेत बघा, त्यांना घरीही हाच अनुभव असणार.

बोरस्तेसाहेब, अकरा वर्षांत आपला एकही ब्लोअर तक्रार घेऊन परत आला नाही. तो कोणाच्या नजरेखालून गेला, ते आज आपल्याला कळलं. आमच्या ह्यांनाही आत्ताच कळतंय. त्यांचं बोलणं मी घरी ऐकून घेईन.

आपण सर्वांनी वेळ काढलात, याबद्दल मी आभारी आहे. समारंभात बाईमाणूस नको ते बोललं असं वाटलं तर मोठ्या मनाने पोटात घाला.

फक्त एक विनंती. गेणूभाऊ सोमवारी गावी निघालेत. साहेब, आपल्या त्या पत्रातली ओळ मागे घेतल्याचं दोन ओळींत लिहून टपालाने कळवा. वर्कशॉपच्या पत्त्यावर नको. गेणू शिरसाठ, मुक्काम पोस्ट सायखेडा, तालुका निफाड.