हरणाऱ्याची पिठी

माझं शुद्धलेखन कच्चं, शब्दही साधे. शाळा सातवीतच सुटली. तेवढं सांभाळून घ्या.

पंच्याऐंशी साली मिरजोळ्याला आम्ही शेजारी राष्ट्रपतींवरच्या प्रश्नांचा खेळ खेळायचो. हरणाऱ्याने दुसऱ्या दिवशी सगळ्यांना कुळथाची पिठी-भात घालायचा. मग आमच्यातले शेजारचे अण्णा आजारी पडले, जेवण सुटलं. मी त्यांच्या खाटेशी बसलो.

“पदावर असताना किती राष्ट्रपती वारले?” त्यांनी विचारलं.

“एक.”

“दोन रे! ठाऊक असून मुद्दाम हरतोस होय, मेल्या?”

“हरलो ना? मग उद्या पिठी खायची.”

“आण. पातळ कर, लसूण जास्त घाल.”

सकाळी पिठी उतरवली आणि अण्णा गेल्याचं कळलं. त्यांच्याकडे आज चूल पेटणार नव्हती, जेवण शेजाऱ्यांनीच न्यायचं. मंडळी स्मशानातून परतल्यावर अण्णांच्या बायकोला, काकूंना, मी तीच पिठी वाढली.