हरकत एकच आली

सन्माननीय अध्यक्ष रावसाहेब टिपणीस, व्यासपीठावरचे मामलेदारसाहेब आणि हेडमास्तर ओक, म्युनिसिपालिटीचे नवे आणि जुने सभासद, बाजारपेठेतली प्रतिष्ठित मंडळी, आणि खुर्च्या संपल्या म्हणून मागे भिंतीशी जमिनीवर बसलेले माझ्या कोळीवाड्यातले बंधू-भगिनी,

आपण मला शाल दिलीत, श्रीफळ दिलंत आणि माझ्याविषयी इतकं गोड बोललात की क्षणभर मला वाटलं, हा हरेश्वर नाखवा गेलाबिला की काय. कारण आपल्याकडे माणसाचे गुण एकतर तो गेल्यावर आठवतात, नाहीतर निवडणुकीत पडल्यावर. मी दुसऱ्या जातीचा. तरी आभार मानतो. शाल चांगली आहे. दर्यावर थंडीत उपयोगी पडेल, आता मला तिकडे जायला सवडही भरपूर आहे.

हेडमास्तर आत्ता म्हणाले, मागे बघा, कोळणींच्या मांडीवर नारळ आहेत, आपल्या माणसावर या लोकांचं केवढं हे प्रेम. मास्तर, आपली नजर पहिल्यापासून तीक्ष्ण. शाळेत आपण मला बाकावर उभं केलंत तेव्हाही आपल्याला बरोबर दिसलं होतं. त्या नारळांकडे मी शेवटी येतो.

रावसाहेबांनी आपल्या भाषणात एक फार सुंदर वाक्य उच्चारलं. ते म्हणाले, नवी वॉर्डरचना ही लोकांना विचारून झालेली या जिल्ह्यातली आदर्श रचना आहे. मंडळी, हे अगदी खरं आहे. शेजारच्या संस्थानात हुकूम येतो आणि माणसं उठतात. आपण ब्रिटिश हद्दीतले, आपल्याकडे आधी विचारतात आणि मग उठवतात. सुधारणा म्हणतात ती हीच. दवंडी पिटली होती, कचेरीच्या दारावर नकाशा लावला होता. ज्याला वाचता येईल त्याने वाचावा, ज्याला येत नसेल त्याने बघावा. आमच्या वाड्यातले लोक जाऊन बघून आले. नीराबाई तेवढी बराच वेळ उभी राहिली. वेशीवरच्या वडापासून बंदरावरच्या जकातनाक्यापर्यंत जी सरळ रेघ मारली होती, ती तिच्या घरातून जात होती. चूल बाजारपेठेच्या वॉर्डात आणि पडवी वरच्या आळीच्या वॉर्डात. तिने कारकुनाला विचारलं, "मंग रांधाचा कनच्या वारडान न् जेवाचा कनच्या?" कारकून हसला. आमची माणसंही हसली. मीसुद्धा हसलो असतो, पण मला नकाशा वाचता येत होता.

पूर्वी कोळीवाडा हा एक वॉर्ड होता. नव्या नकाशात त्याचे तीन तुकडे झाले. एक बाजारपेठेला, एक वरच्या आळीला, एक कचेरीकडच्या वॉर्डाला. तिन्हीकडे आम्ही थोडे, आणि बाकीचे पुष्कळ. म्हणजे म्युनिसिपालिटीत कोळ्यांचा माणूस यापुढे येणार नाही. असा नियम कुणी केलेला नाही. रेघच तशी आहे.

आता तुम्ही म्हणाल, हरेश्वरा, हरकती मागवल्या होत्या ना? तेव्हा कुठे होतात? सांगतो. आम्ही इथेच होतो.

ती सुनावणी याच दिवाणखान्यात झाली. रावसाहेब याच खुर्चीत होते. त्या दिवशी एकही होडी दर्यावर गेली नाही. बाजारात मासळी नव्हती, हे बाजारपेठेतल्या मंडळींना आठवत असेल, कारण त्या दिवशी तुमच्या घरी नुसतं कुळथाचं पिठलं झालं. आख्खा कोळीवाडा इथे आला होता. पुरुष, बायका, म्हातारे. उभं राहायला जागा नव्हती.

आधी बाजारपेठेची पत्रं वाचली गेली. एका घरातल्या वडिलांनी लिहिलं, रचना उत्तम आहे. त्यांच्या थोरल्या मुलानं वेगळं पत्र लिहिलं, रचना उत्तम आहे. धाकट्यानं लिहिलं. जावयानं लिहिलं. दुकानातल्या गुमास्त्यानंही लिहिलं. एका ओटीवर बसून, एका दौतीतून. प्रत्येक पत्र वेगळं मोजलं गेलं, आणि कायद्यानं ते बरोबरच होतं.

मग आमचे गुणाजी पाटील उठले. मंडळी, इथे आमच्या जमातीची एक रीत सांगणं भाग आहे. आमच्यात कुठलीही गोष्ट ठरवायची तर सगळी जमात बसते. तिथे भांडण होतं, शिव्या होतात, बायका पुरुषांना गप्प करतात, सून सासऱ्याला खोटं पाडते. पण एकदा ठरलं की ठरलं. मग बाहेरच्या माणसासमोर बोलायचं ते पाटलानं. पाटील बोलला की वाडा बोलला. त्याच्यानंतर ज्यानं तोंड उघडलं, त्यानं पाटलाचा शब्द अपुरा ठरवला, वाड्यात फूट पाडली. त्याला दंड आहे. देवीच्या पायाशी एक नारळ ठेवायचा आणि नाक घासायचं. नारळाचं काही नाही हो, नारळ आपल्याकडे घरामागच्या परड्यात पडतात. नाक घासणं जड जातं. मी जन्मापासून हा दंड कुणाला भरताना पाहिलं नाही.

तर पाटील उठले. पागोटं सारखं केलं आणि म्हणाले, "सायेब, आमचा कोलीवारा येक हाय. आमचा दर्या येक, देवी येक, मासली सुकवाचा खला येक. त्याला येकच वारडान रव द्या." एवढंच बोलले आणि खाली बसले. त्यापेक्षा जास्त बोलायचं काय असतं?

रावसाहेबांनी विचारलं, "आणखी कुणाला काही बोलायचं आहे?"

कुणी बोललं नाही. रावसाहेबांनी पुन्हा विचारलं. ते सभ्य गृहस्थ आहेत, त्यांनी थांबून वाट पाहिली. आख्खा दिवाणखाना भरलेला, आणि एक शब्द नाही. आमच्या लोकांना वाटलं, केवढा मान ठेवला आपण पाटलाचा. मी सभासदांच्या रांगेत होतो. मी उठलो, तर मला सांगण्यात आलं की सभासदांना सुनावणीत बोलता येत नाही, खाली बसा. त्यातही कायदा बरोबर होता. आणि निकाल लिहिला गेला. अनुकूल पत्रं पुष्कळ. हरकत एकच आली. उपस्थित बाकी लोकांची संमती दिसली.

संमती. मंडळी, मी त्या शब्दावर फार विचार केला. होड्या किनाऱ्याला ओढून, एका दिवसाची चूल बंद ठेवून, पोरांना काखोटीला मारून जी माणसं विरोध करायला आली, त्यांची संमती लिहिली गेली. रावसाहेबांना आमची रीत ठाऊक नव्हती, असं कुणी म्हणेल. रावसाहेबांचं बालपण आमच्या वाड्याला लागून गेलंय. आमच्या होळीला ते येत. पाटील बोलले की बाकीचे का गप्प बसतात, हे त्यांना मामलेदारसाहेबांपेक्षा नक्कीच जास्त ठाऊक होतं. रावसाहेब, मी आपल्यावर कसलाही आरोप करत नाही. आपण कायदा मोडला नाही. मी फक्त आपल्या स्मरणशक्तीची आठवण करून देतोय.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. मी उभा राहिलो आणि पडलो. पडल्याचं दुःख नाही. गरज सरो, वैद्य मरो, हे मला सार्वजनिक कामात पहिल्याच वर्षी कळलं होतं. पण आता पुढच्या महिन्याच्या सभेत नवं बोर्ड एक ठराव आणतंय. आमचं खळं बंदरावरून उठवून गावाबाहेर, खाजणापलीकडे न्यायचं. का, तर मुंबईच्या आगबोटीनं उतरणाऱ्या पाहुण्यांना सुक्या मासळीचा वास येतो. येतो, हे मान्य. पण तो वास आहे म्हणून आमच्या बायकांच्या हातात पावसाळ्यात चार पैसे असतात. खाजणापलीकडे भरतीचं पाणी येतं. तिथे बोंबील सुकणार नाही, कुजेल. हे बोर्डात सांगायला आता कुणी नाही. होता तो शाल पांघरून आपल्यापुढे उभा आहे.

ठरावाची बातमी आली तेव्हा जमात बसली. पण या वेळी कुणी भांडलं नाही. गुणाजी पाटलांनी काठी खाली ठेवली आणि म्हणाले, "माझे तोंडान आख्खा कोलीवारा व्हता. त्यांनी येकच मानूस मोजला. आता मी न्हाय बोलाचा. ज्याचा त्यानी बोलावा." म्हातारी मनुबाई रडायला लागली. म्हणाली, "पाटला, मंग आमी येक कशे रवाचे?" निवडणुकीत पडलो तेव्हा मला इतकं वाईट वाटलं नव्हतं. नकाशानं आमचे तीन तुकडे केले, ते एक वेळ सोसले असते. आता मोजणीत यायचं म्हणून आम्हीच आमचे माणसागणिक तुकडे करून आणलेत.

तर मास्तर, आता नारळांविषयी. ते माझ्या सत्काराचे नाहीत. ते दंडाचे आहेत. मागे बसलेल्या प्रत्येकानं आपापला दंड बरोबर आणलाय. इथून उठून सगळे देवळात जाणार आहेत आणि रांगेनं नाक घासणार आहेत. पाटील समोर बसलेले असताना मीही एवढा वेळ बोललो, तेव्हा आपण दिलेलं हे श्रीफळ मी त्याच कामाला लावीन. आपण ते दिलंत म्हणून आपला खरोखर आभारी आहे.

रावसाहेब, आरंभी आपण म्हणालात, ही घरचीच सभा आहे, ज्याला दोन शब्द बोलावेसे वाटतील त्यानं मोकळेपणानं बोलावं. मामलेदारसाहेबांनी ते ऐकलं आहे. म्हणून मी फार वेळ घेत नाही. या गावानं मला खुर्ची दिली, तिच्यावर बसून हातून जे घडलं ते गोड मानावं, जे राहिलं ते माझ्या पदरी घालावं. पाहुण्यांसमोर जीभ घसरली असेल तर ती खाऱ्या पाण्यातली आहे, असं समजून पोटात घालावं.

नीराबाई, पदर सावर आणि पुढे ये. मनुबाई, तुम्ही तिच्यामागे उभ्या राहा. पाटील, तुम्ही बसून राहा.

अध्यक्षमहाराज, आता आपण त्या दिवशी विचारलं होतं तेच पुन्हा एकदा विचारावं, अशी विनंती करून मी खाली बसतो. आणखी कुणाला काही बोलायचं आहे का, ते विचारा.