देखरेख करणाऱ्याची सही

सासरे: अजून त्या फॉर्मकडेच बघत बसलीस? नुसतं टक लावून बघितल्याने तो स्वतःच्या पायांनी ऑफिसात जाणार नाही.

सून: जाईल हो, बाबा. संध्याकाळी पाचपर्यंत मुदत आहे.

सासरे: अकाउंटिंग टेक्निशियनचे सगळे पेपर पास झालीस. अभ्यासापायी माझ्या मुलाला स्वयंपाक शिकवलास, तो तर चमत्कारच. आता घोडं अडलंय कुठे? तुझ्या आताच्या नोकरीतल्या मॅडमची सही तर झालेली दिसतेय.

सून: तिथेच अडलंय. वाचा ना. "देखरेखीखाली केलेले काम."

सासरे: चोवीस महिने. प्रमाणपत्राला चोवीसच लागतात ना?

सून: लागतात. पण मॅडमकडे माझे झालेत पंधरा. त्याआधीची तीन वर्षं लाकडाच्या वखारीत, तुमच्या हाताखाली.

सासरे: आणि ती धरत नाहीत.

सून: नाही. देखरेख करणाऱ्याकडे स्वतःचं प्रमाणपत्र हवं. मॅडम म्हणाल्या, "तुला काम येतं, मला ठाऊक आहे. चोवीस लिही, कोण बघतंय?" आणि सही करून मोकळ्या झाल्या.

सासरे: देवमाणूस आहे बाई. डोळे झाकून देऊन टाक.

सून: हे तुम्ही म्हणताय? वखारीच्या मालकांनी एकदा पावतीवर मागची तारीख घालायला सांगितली, तर तीन दिवस त्यांच्याशी बोलला नव्हतात.

सासरे: तो धंदा होता. हे तुझं आयुष्य आहे. प्रमाणपत्र आलं तर एक तारखेपासून तुझी नोकरी कायम. नाही आलं तर ती जागा दुसऱ्या कोणाला. खरं की नाही?

सून: खरं.

सासरे: मग?

सून: माझी तीन वर्षं पुसली जातात हो यात. आठवतं, बेरजा जुळेनात म्हणून मी रडकुंडीला आले होते? त्रेसष्टचा फरक. तुम्ही नुसता आकडा ऐकून म्हणालात, "नऊने भाग जातोय, कुठेतरी अंक उलटे लिहिलेस." एक्याऐंशीचे अठरा निघाले. तसं शिकवणाऱ्याचं नाव कुठे नाही, आणि ज्यांनी तेव्हा मला पाहिलंही नव्हतं त्यांची सही.

सासरे: माझ्या नावाचं काय लोणचं घालायचंय?

सून: तुम्ही का नाही दिलीत ही परीक्षा? घरात सगळे म्हणतात, तुम्हाला कागदाची पर्वा नव्हती.

सासरे: सगळ्यांना ते सांगितलं कोणी? मीच. परीक्षा दिली होती मी.

सून: नापास झालात?

सासरे: पास. सगळे पेपर, पहिल्या झटक्यात. लग्नाआधीची गोष्ट. तुझ्या सासूलाही कधी बोललो नाही.

सून: मग प्रमाणपत्र?

सासरे: हाच फॉर्म, हीच अडचण. मला शिकवलं ते जुन्या दिवाणजींनी, त्यांच्याकडे कसलाच कागद नाही. दुसऱ्याची खोटी सही आणायला मन होईना. म्हटलं, वर्षभर थांबू, दुसरीकडे खरा अनुभव घेऊ. मग वडील आजारी पडले. मग लग्न, मग तुझा नवरा. ते एक वर्ष चाळीस वर्षांचं झालं.

सून: बाबा...

सासरे: आणि आज त्याची झळ तुला. माझ्याकडे तो कागद असता तर तुझी तीन वर्षं धरली असती. म्हणून सांगतो पोरी, खरेपणाचा तोरा मिरवू नकोस. मी मिरवला आणि जन्मभर बसलो.

सून: तेव्हा फॉर्मवर किती महिने लिहिलेत?

सासरे: फॉर्म दिलाच नाही. झाले तेवढे लिहून द्यायचे, उरलेले मागाहून भरायचे, अशी सोय तेव्हाही होती. पण अर्धवट फॉर्म घेऊन खिडकीशी हसं कशाला करून घ्यायचं? ट्रंकेत ठेवून दिला.

सून: म्हणजे तुम्हाला खरेपणा नाही नडला.

सासरे: मग काय नडलं?

सून: ट्रंक.

(सासरे हसतात.)

सासरे: तोंडाने फार फटकळ आहेस.

सून: शिकले कुणाकडून? हा बघा दुसरा फॉर्म. खरे महिने लिहिलेत. मॅडमची सही दुपारी घेते. रागावतील थोड्या. पण आजच देणार.

सासरे: आणि ती जागा गेली तर?

सून: वाईट वाटेल. खूप वाटेल. भीतीही वाटतेय, तुमच्यासारखंच होईल याची.

सासरे: होतंच. घर आडवं येतं, कळतही नाही.

सून: म्हणून तुम्हाला सांगतेय. दर महिन्याला माझ्या मागे लागा. मागे लागण्यात तुमचा हात कोण धरणार?

सासरे: ते जमेल. आण तो कागद इकडे. किती लिहिलेस? पंधरा? चूक. सोळा झालेत.

सून: नाही हो. नेमणुकीचं पत्र पंधरा महिन्यांपूर्वीचं आहे.

सासरे: पत्र मागाहून मिळालं. त्याआधी महिनाभर तू जात होतीस. त्यांच्या हजेरीबुकात बघ, सापडेल.

सून: इतकं नक्की कसं सांगता?

सासरे: त्या दिवसापासून वखारीत दुपारचा डबा मी एकटा खातो.