तिसऱ्या टॅपेटचा आवाज

...आणि हात नका लावू तिथं, काळा होईल... नाही हो, विकायची नाहीये! तुम्हाला सांगतो, मी नुसतं बॉनेट उघडलं की रस्त्यानं जाणारा प्रत्येक माणूस थांबतो, मुंडी आत घालतो आणि एकच विचारतो, ‘इंजिन ओरिजिनल आहे का हो?’ आहे. इंजिन ओरिजिनल आहे. कार्बोरेटर ओरिजिनल, पंप ओरिजिनल, पट्टे आणि पाइप सोडले तर नट-बोल्टसुद्धा ओरिजिनल. पण ते टिकवता टिकवता माझं काय झालंय, हे आजवर एकानं विचारलेलं नाही.

गाडी बाबांची. त्यांचा नियम असा, की बाहेरचा पार्ट आत जाता कामा नये. मिळत नाही? शोधा. लोक सुट्टीत बायकोमुलांना समुद्रावर न्यायचे, मी भंगाराच्या ढिगांवर न्यायचो. बायको अजून म्हणते, ‘आपण कुठं कुठं फिरलो, सगळीकडे गंजच.’ आणि एवढं करून इंजिनात एक खोट होतीच. तिसरा टॅपेट वाजायचा. टॅपेट म्हणजे काय, आत व्हॉल्व्ह उघडमिट होतात ना, त्यांना ढकलणारा दांडा; मध्ये बारीक फट ठेवलेली असते. ती वाढली की लोखंड लोखंडावर ठोकतं. टक... टक-टक... टक. बाबा रोज संध्याकाळी म्हणायचे, ‘तो आवाज काढून घे रे एकदा, इंजिन जाईल अशानं.’ मी म्हणायचो, ‘हो बाबा, उद्या नेतो.’ माझे केस पांढरे झाले, तो उद्या काही उजाडला नाही.

आता बाबा सगळं विसरलेत. म्हणजे मलाही. दिवसभर मला अहो-जाहो करतात. ‘अहो, कोणाकडे आलात आपण? बसा ना, आमचा मुलगा येईलच ऑफिसातून.’ अहो, मुलगा रिटायर होऊन समोर बसलाय, तुमची नखं कापतोय! पण संध्याकाळी खाली ती टकटक ऐकू आली, की खुर्चीत ताठ होतात. ‘आला.’ मी दार ढकलून आत येतो, ‘आलास? हात धू,’ म्हणतात आणि माझ्या हातानं पोटभर जेवतात. दिवसातलं तेवढंच काय ते धड जेवण. म्हणून मी रोज इस्त्रीचा शर्ट चढवतो, रिकामी बॅग घेतो, मागच्या दारानं सटकतो, गाडी काढतो, चौकाला वळसा घालतो आणि ऑफिसातून घरी येतो. रोज. शेजारी हसतात, हसू देत... तुम्हीही हसा, त्यात काय.

आणि मला बुद्धी सुचली बघा! म्हटलं, जन्मभर एकच गोष्ट मागितली माणसानं, ती तरी त्याच्या डोळ्यांदेखत करू. नेली गाडी मेकॅनिककडे. त्यानं फट बसवली, झिजलेला दांडा घासून सारखा केला, नवीन काही घातलं नाही. इंजिन ओरिजिनल आहे, फक्त आवाज गेला. काय सुरेख चालली हो गाडी! मी आपला फुशारक्या मारत घरी आलो, दार ढकललं, म्हटलं, ‘बाबा, काढला आवाज!’

बाबा उठून उभे राहिले, मला नमस्कार केला. ‘या. मुलगा यायचाय अजून. आज उशीर झाला त्याला.’

जेवायला बसेनात. बायको म्हणाली, ‘बाबा, हेच ते.’ तिला म्हणाले, ‘तुम्ही जेवून घ्या, मी त्याच्याबरोबर जेवीन.’ मी खुर्ची ओढली. बाबा आणि मी, दोघं माझी वाट बघत बसलो. कोणी आलं नाही. पुढची संध्याकाळही तशीच, ताट तसंच उचललं. तेव्हा मात्र मी घाबरलो हो, खरंच घाबरलो.

पळालो गॅरेजात. म्हटलं, ‘आवाज परत घाल.’ मेकॅनिकनं पाना खाली ठेवला. ‘काय घालू?’ ‘आवाज.’ ‘साहेब, लोक आवाज काढायला येतात. माझ्या हातून गेलेली गाडी ठोकत फिरली, तर गिऱ्हाईक काय म्हणेल?’ मी हातापाया पडलो. मग केली त्यानं फट ढिली, तर टिकटिक, टिकटिक, शिवणयंत्रासारखी! ‘अशी नाही रे, टक... टक-टक... टक.’ ‘टक-टक-टक?’ ‘नाही, मध्ये थांबते.’ दोघं म्हातारे बॉनेटमध्ये तोंड घालून टकटक करतोय, अख्खं गॅरेज कामं टाकून बघतंय. शेवटी बायकोला बोलावलं. ती इंजिनाशी उभी राहिली, डोळे मिटले. ‘अजून ढिली करा... नाही, हे जास्त झालं... जरा मागं... हां. हे आलेत घरी.’ अख्खा संसार ती टकटक ऐकून मला जेवायला वाढलं तिनं, तिला नाही कळणार?

त्या संध्याकाळी घरी आलो. आत पाऊल टाकायला धीर होईना, तुम्हाला सांगतो, स्वतःच्या घरात! बाबांनी मान वर केली. ‘आलास? हात धू.’ पहिला घास घेतला, दुसरा घेतला, आणि म्हणाले, ‘तो आवाज काढून घे रे एकदा, इंजिन जाईल अशानं.’

‘हो बाबा,’ म्हटलं, ‘उद्या नेतो.’

आणि जाणारच आहे ते इंजिन. मेकॅनिकनं स्पष्ट सांगितलंय, रोज ठोकून ठोकून आतलं सगळं खातंय, आणि एकदा गेलं की या इंजिनाचे पार्ट आता कुठल्या भंगारातही मिळायचे नाहीत. मला म्हणाला, ‘कधीपर्यंत चालायला हवंय तुम्हाला?’ काय सांगू मी त्याला? मी रोज ऑइल बघतो, कान देतो, आणि कोण आधी जाईल याचा विचार करत नाही. म्हणजे करतो, पण कोणाला सांगत नाही... तुम्हाला सांगितलं.

तेव्हा हो, इंजिन ओरिजिनल आहे. खोटीसकट. आता जरा बाजूला व्हा, बॉनेट लावू द्या. माझी घरी यायची वेळ झाली, निघायला हवं.