चौदा जणांचा ताप

आता मला सांगा, माणूस धडधाकट उभा आहे, हातात डबा आहे, आणि ऑफिसचा दरवाजा अंगठा बघून म्हणतो, 'आपण आजारी आहात'! तुम्हाला सांगतो, मी हबकलोच. वीस वर्षं घाटकोपरच्या ह्या ऑफिसात सगळ्यांच्या रजा मीच भरतोय, पण असा ताप मला कधी आला नव्हता.

झालं काय, गेल्या वर्षी आमच्या शर्मिष्ठा मॅडमनी बॉट आणला. बॉट म्हणजे कॉम्प्युटरमधला न दिसणारा कारकून, तुम्ही जे करता ते बघतो आणि तस्संच करतो. तो बसवणारा आमच्याच ऑफिसातला इंजिनियर यज्ञेश म्हणाला, "काका, एकदा करून दाखवा, पुढच्या वर्षीपासून दोन सेकंदांत!"

दाखवलं ना मी! आता आम्ही चौदा जण कोकणातले, गणपतीला गावी जाणारच... पण चौदा जणांना एकदम हक्काची रजा देतो कोण? म्हणून चतुर्थीच्या आदल्या दिवसापासून चौदाही जणांना सहा दिवस ताप येतो. दरवर्षी. मीच आठवडाभर आधी भरून ठेवतो. बॉट दोन सेकंदांत शिकला.

पण मेल्याला तिथी कोण शिकवणार हो? गेल्या वर्षी गणपती ऑगस्टात, यंदा सप्टेंबरात, आणि ह्यानं तारीख बघून ऑगस्टातच चौदा जणांना ताप चढवला, दोन सेकंदांत! अंगठा घेईना, दरवाजा उघडेना, सहा दिवस सक्तीचे आजारी, वर्षाची आजारपणाची रजा खलास, वाट लागली यार... आणि गावाहून आईचा फोन, "लवू, यंदा गणपतीची पाळी आपली आसा, मूर्ती कोण आणतलो?" काय सांगू तिला?

शेवटी लाज सोडून मॅडमना सगळं खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "लवू, मी समजू शकते. पण रजा आता बॉट देतो." बॉटकडे अर्ज केला. दोन सेकंदांत नाही म्हणाला!

परवा, चतुर्थीच्या आदल्या दिवशी, आम्ही चौदाही जण ऑफिसात, तोंडं पाडून. आमच्यातली सुलक्षणा तर मोदकाचं नाव काढलं तरी रडायची. आणि अकरा वाजता बॉटच बंद पडला! मॅडमनी यज्ञेशला फोन लावला, स्पीकरवर.

"मॅडम, दोन सेकंदांचं काम आहे," तो म्हणाला, "पण सहा दिवस जमणार नाही. मला ताप आलाय."

फोनमध्ये त्याच्या मागून कोणीतरी ओरडत होतं, 'अरे यज्ञेश, मखराची माळ धर!'

मी रजेचा फॉर्म पुढे ओढला. बॉट बंद... यज्ञेशची तापाची रजा मलाच भरायची होती.