माझे गुरू निवडले खालच्या अक्कांनी

मोठ्यांचं ऐकणं मी कॉलेजबरोबरच सोडलंय, पण येलहंक्याला आमच्या खाली राहणाऱ्या अक्कांचं एकदा ऐकलं, ते सांगतो.

हेब्बाळच्या एका बँडला ड्रमर हवा होता आणि रविवारी माझी ऑडिशन होती. काकांनी ड्रम शिकायचं पुस्तक आणून दिलं. दुकानातलं सगळ्यात जाड तेच होतं म्हणे. या माणसाला आरतीत टाळी धड वाजवता येत नाही, पण मत आहे. मी पुस्तक ठेवून दिलं आणि महिनाभर मोबाइलवर शिकवणीचे व्हिडिओ लावले, बहुतेक सगळ्यात वेगवान ड्रमरचे.

गुरुवारी अक्का वर आल्या. भांडायलाच आल्या असणार, म्हणून मीच आधी आवाज चढवला, "रविवारपर्यंतच आहे हा त्रास."

"ते राहू दे. तो भरभर बोलणारा बंद कर आधी. त्याच्यामागे धावतोस आणि अडखळतोस. ती एक-दोन-तीन-चार मोजणारी बाई लावतोस ना, तेव्हा स्वल्प बरं वाजवतोस."

"तुम्हाला ड्रम कळतात?"

"नाही रे. पण तू चुकलास की तेच पुन्हा वाजवतोस, आणि ते मला पुन्हा ऐकावं लागतं."

महिनाभर खाली बसून या बाईने माझे सगळे गुरू तपासले होते. मी नुसते त्यांचे व्ह्यूज बघत होतो.

मग मी त्या मोजणाऱ्या बाईलाच धरून बसलो. रविवारी बँडने मला घेतलं. सगळ्यात आधी अक्कांना सांगायला गेलो.

"सरी, ठीक झालं," त्या म्हणाल्या. "आता सराव हेब्बाळलाच कर."